सिग्नलसमोरचा फळा

मंगळवार, ३ फेब्रुवारी

प्लास्टरच्या आत खाज सुटली आहे. मनगटाच्या वर आणि कोपराच्या खाली, जिथे बोट, पेन्सिल, विणायची सुई आणि मंडळीच्या प्रार्थना यांपैकी काहीच पोहोचत नाही अशा जागी. शास्त्रात राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या एका सत्पुरुषाची हकिगत आहे. दर वर्षी तिच्यावर आमच्याकडे रडवेलं प्रवचन होतं. आज पहिल्यांदा मला त्या माणसाचा हेवा वाटला. गुरं गेली, घर गेलं, सगळं मान्य. पण खाज सुटली तिथे त्याचा हात पोहोचत होता.

पडलो कसा हे लिहून ठेवतो, कारण बायको सगळीकडे वेगळंच सांगते आहे. चर्चच्या फाटकाशी, चौकातल्या सिग्नलच्या अगदी समोर, एक फळा आहे. त्यावर दर शनिवारी एक ओळ लिहायची, ही माझी एकोणीस वर्षांची सेवा. या शनिवारी शेवटचा पूर्णविराम दिला आणि लांबून कसं दिसतंय बघावं म्हणून मागे सरकलो. आपण स्टुलावर आहोत हे लक्षात राहिलं नाही. बायको म्हणते, "स्वतःच्याच अक्षरावर भाळून पडले."

पोटासाठी मी औषधांच्या खोक्यात घडी घालून कोंबतात ती पत्रकं लिहितो. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ, क्वचित मृत्यू. माझ्याइतका छापला गेलेला आणि माझ्याइतका न वाचला गेलेला लेखक शोधून सापडायचा नाही. म्हणून मला फळा. तांबड्या दिव्याशी गाड्या थांबतात, समोर बसथांब्यावर रांग असते, आणि दिवा हिरवा होईपर्यंत माणसाला वाचण्यावाचून गत्यंतर नसतं. धर्माला आजच्या जगाशी बोलायचं असेल तर तेवढ्या अवकाशात बोलावं, असं माझं ठाम मत आहे. निवडणुकीत मी लिहिलं होतं, 'उभे राहणाऱ्यांनो, आत गुडघे टेकायचीही सोय आहे.' तिघांनी तक्रार केली, एक जण आत आला. गेल्या वर्षीची ओळ, 'देवाला फॉरवर्ड नको, उत्तर हवंय.' रिक्षावाले अजून म्हणतात. खाली नाव मी कधी घातलं नाही. सेवेखाली नाव घालत नाहीत. घातलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं, पण घालत नाहीत.

प्लास्टर निघेपर्यंत पाळकसाहेबांनी फळा माझ्या साडूकडे दिला आहे.

साडूकडे!

ही नोंद डाव्या हाताने लिहिली आहे. अक्षर त्यालाच शोभेल असं आलं आहे.

शनिवार, ७ फेब्रुवारी

साडू सकाळी घरी आला. माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा; चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "हे बरं की ते बरं?" असं विचारणं हा त्याचा धंदा, आणि पुढे तोच स्वभाव होऊन बसला. त्याला स्वतःचं मत आहे असा पुरावा अजून पुढे आलेला नाही.

"दादा, काय लिहू?"

"तुला सुचेल ते."

"मला कुठलं सुचायला! तुमची ती गुडघ्यांची ओळ परत लिहू का? आणि ती पार्किंगची? 'गाडी लावायला जागा नाही, पण...'" असं म्हणत त्याने माझ्या सहा-सात ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या, एकही शब्द न चुकता. टिंगल करायलाही माणूस पाठांतर करतो म्हणजे कमाल आहे.

"शिळं वाढायचं नाही," मी म्हणालो. "लिही काहीही. सहा आठवड्यांनी कोणाच्या लक्षात राहणार आहे?"

संध्याकाळी बायकोला मंडईत सोडायच्या निमित्ताने रिक्षाने चौकातून गेलो. फळ्यावर वर, अगदी शाळकरी अक्षरात, 'कोणासाठी प्रार्थना करू?' एवढंच. खाली सगळा फळा कोरा. आणि सुतळीला बांधलेला खडू.

याला ओळ म्हणतात? ना टोला, ना वळण. मी दिवा हिरवा होईपर्यंत हसलो. मागच्याने हॉर्न दिला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

लोकांनी खरंच लिहिलं. कोणी 'दाढ' लिहिलं आहे. कोणी 'उद्याची मॅच'. एकाने 'बॉसची बदली व्हावी'. बायकोला सांगितलं, "बघ, तुमच्या घरच्या धाकट्या जावयाने प्रभूचा फळा भाजीची यादी करून टाकला."

ती म्हणाली, "खाली 'आई, आयसीयू' पण आहे. ते नाही वाचलंत?"

वाचलं होतं.

रविवार, १५ फेब्रुवारी

आता फळ्यावर जागा नाही. लोक कडेने, लाकडी चौकटीवरसुद्धा लिहितात. पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना नवं काही दिसलं की गिटार घ्यावीशी वाटते. आज उपासनेत त्यांनी साडूला पुढे बोलावून सगळ्या ओळी वाचायला लावल्या. साडू चष्मा नाकावर चढवून सपाट आवाजात वाचत गेला. "आई, आयसीयू. दुसऱ्यांदा नापास झालेल्या मुलीसाठी. बाबा बोलत नाहीत. दाढ." दाढेला मी हसायला तयार होऊन बसलो होतो, कोणी हसलं नाही. उलट मंडळी "आमेन" म्हणाली. दाढेला!

मागच्या बाकांवर अनोळखी माणसं होती. स्वतःची ओळ वाचली जाते का बघायला रस्त्यावरून आत आलेली. माझ्या ओळी वाचून एकोणीस वर्षांत किती जण आत आले, याचा विचार करत होतो. तो एक उमेदवार; तोही पाऊस होता म्हणून.

बाहेर पडताना एक आजी साडूचा हात सोडेनात. त्याला माझ्या प्लास्टरची आठवण झाली. "दादा, आतून खाजतं का? आमच्याकडे भिंगं पुसायचा लांब ब्रश आहे, आणून देऊ?"

"नको," मी म्हणालो. चांगुलपणाची हीच तर रीत खुपते. अशी माणसं मोकळेपणाने द्वेषही करू देत नाहीत.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

पेपरात फोटो. तिसऱ्या पानावर, तीन कॉलम, रंगीत. फळा, साडू, साडूचे दात. मथळा, 'चष्मेवाल्याने शहराला विचारलं.' आत लिहिलंय की आजच्या गोंगाटात श्रद्धेने बोलण्यापेक्षा ऐकावं, हा नवा विचार या साध्या माणसाने दिला. नवा विचार! तो नुसता त्याच्या दुकानातला प्रश्न आहे, भिंगाऐवजी देव लावून.

रात्री त्याचा फोन आला. "दादा, मी त्या वार्ताहराला स्पष्ट सांगितलं, फळा माझ्या साडूंचा आहे, मी फक्त बदलीवर आहे. त्याने छापलंच नाही हो."

म्हणजे नम्रतासुद्धा याचीच जास्त.

बायको कात्रीने फोटो कापत होती. मान वर करून म्हणाली, "थोरल्या बहिणीला पाठवायचाय. तुमचं काय चाललंय तोंडाचं?"

"कुठे काय?"

"एरंडेल प्यायल्यासारखं झालंय."

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सकाळी शाळेच्या वेळेला एक सिटी बस फुटपाथवर चढली. दोन मुली गेल्या. ड्रायव्हरला तिथेच लोकांनी धरलं. आता कोठडीत आहे. डबल ड्यूटी होती म्हणतात, दारू प्याला होता म्हणतात, फोनवर होता म्हणतात. ऑफिसात दिवसभर कोणी चढ्या आवाजात बोललं नाही.

संध्याकाळी फळा पाहिला. प्रश्नाखालचं बाकी सगळं पुसलेलं, आणि त्या दोघींची नावं. एकाखाली एक, वेगवेगळ्या अक्षरांत, पुन्हा पुन्हा तीच दोन नावं. ते कोणालाच सुचवावं लागलं नव्हतं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आज सकाळी त्या नावांच्या खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक ओळ आली आहे. 'बस चालवणाऱ्यासाठी.'

दुपारपर्यंत तिचे फोटो घराघरांत पोहोचले. चर्च खुन्यासाठी प्रार्थना करणार का? याला आता देवसुद्धा जामीन देणार का? चौकात गर्दी. कोणीतरी चिखल मारला. साडू दुकान बंद करून फळ्याजवळ जाऊन उभा राहिला आहे म्हणे. ओळ पुसत नाही आणि समजावतही नाही. कोणी अंगावर आलं की विचारतो, "तुम्हाला काय लिहायचंय? जागा आहे." कधी बोलायचं हे या माणसाला कळलं असतं तर आणखी काय हवं होतं! मी असतो तर एका ओळीत लोकांना गप्प केलं असतं.

तेवढ्यात पेपरवाल्या त्याच वार्ताहराचा फोन. मंडळीतल्या जुन्या माणसाचं मत हवं होतं. जुन्या! मी सांगितलं, आणि सुचलंही कसं सफाईदार, "आमचा फळा म्हणजे आता पापांचं हरवलं-सापडलं खातं झालंय. कोणीही यावं, आपलं गाठोडं ठेवून जावं."

तो खूश झाला. "वा! नाव काय टाकू?"

"नावाचं काय एवढं? 'मंडळीतले एक जबाबदार सदस्य' लिहा."

महिन्याभरात माझी पहिली धड ओळ. अशी ओळ आली की अंगात जरा ऊब येते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

पहिलं पान. माझं वाक्य चौकटीत, ठळक.

संध्याकाळी टीव्हीवर त्या मुलींपैकी एकीचे मामा. दाढी वाढलेली, हातात पेपर. "पापांचं गाठोडं? हरवलं-सापडलं? आमच्या पोरी काय बसमध्ये विसरलेल्या छत्र्या आहेत का हो?"

मी तसं म्हटलं नव्हतं. मला त्या मुली अभिप्रेतच नव्हत्या. मला साडू अभिप्रेत होता. पण वाक्य सांगितलं तेव्हा त्या मुलींचा विचारच डोक्यात नव्हता, हेही आहे.

रात्री चर्चच्या दोन काचा फुटल्या.

रविवार, १ मार्च

उपासनेनंतर कमिटीची तातडीची बैठक. अध्यक्ष म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब. अजूनही समोरच्याकडे कर्ज मागायला आल्यासारखे बघतात. पेपर टेबलावर आपटून म्हणाले, "हे कोण म्हणालं?"

मी पंखा बघत होतो. त्याच्या एका पात्याला कोळिष्टक लागलं आहे.

"जबाबदार सदस्य म्हणे! सात माणसं आहोत इथे. कोण?"

साडू म्हणाला, "साहेब, फळा माझ्याकडे दिलाय. त्याच्याविषयी जे काही बोललं गेलं ते माझ्याच खात्यावर धरा."

"म्हणजे तुम्ही म्हणालात?"

"धरा."

मग सगळं भराभर ठरलं. साडूने त्या कुटुंबाची माफी मागावी. कमिटीतून बाहेर व्हावं. ती ओळ आजच पुसावी. आणि दादांचं प्लास्टर निघालं की फळा परत दादांकडे. माझ्यासाठी सगळ्यांनी हात वर केले. साडूनेही.

इतकं मोठं मन दाखवायचं, आणि त्यातही माझंच वाक्य घेऊन जायचं! महिन्याभरात सुचलेली एकच ओळ, तीसुद्धा त्याच्या नावावर.

वाटेत बायको म्हणाली, "वाक्य मात्र घोटीव होतं हं. चष्म्याच्या दुकानातलं वाटलं नाही."

"म्हणजे?"

"दूध संपलंय. कोपऱ्यावर रिक्षा थांबवा."

मंगळवार, १० मार्च

प्लास्टर काढलं. आतला हात दुसऱ्याच कोणाचा तरी वाटतो, बारीक आणि पांढुरका. साडू त्या मुलींच्या घरी जाऊन आला असं बायकोकडून कळलं. दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. त्याच्या दुकानाच्या पाटीवर कोणीतरी काळं फासलं आहे. मेहुणी फोनवर रडत होती. बायकोने फोन माझ्याकडे दिला नाही, मीही मागितला नाही.

शनिवारची ओळ तयार आहे. 'शांत राहा. देवाचाही तपास चालू आहे.' चांगली आहे. कोणाला लागणार नाही, सगळ्यांना वाटेल.

शनिवार, १४ मार्च

स्टूल नेलं नाही. फळ्यावर अजून साडूचा तो प्रश्न होता, खाली मुलींची नावं अर्धवट पुसट, आणि कोपऱ्यात ओला फडका फिरवलेला डाग. डस्टर उचललं. आधी तो प्रश्न पुसला. खरं सांगायचं तर त्याचं पहिलं अक्षर जरा जोरातच पुसलं.

मागून आवाज आला. "अहो, तुम्हीच ना हे फळ्याचं बघता?"

साठीच्या असतील. हातात डब्याची पिशवी, पायात मोजे, रबरी चपला. रस्ता ओलांडून आल्या होत्या, बस सोडून.

"हो," मी म्हणालो. एकोणीस वर्षांचा हक्क होता माझा 'हो' म्हणण्याचा.

"मी त्याची आई," त्या म्हणाल्या. मग मला कळलं नाही असं वाटून, "बसवाल्याची. सांगत नाही मी कोणाला. रोज याच थांब्यावरून जाते, इथेसुद्धा नाही सांगत."

मी डस्टर खाली ठेवलं.

"ते मीच लिहिलं होतं. तुम्हाला फार त्रास झाला माझ्यामुळे. मी समोरून बघत होते. लोक चिखल मारत होते आणि तुम्ही पुसलं नाहीत. मला नीट दिसत नाही लांबचं, पण उभे होतात ते दिसलं. तुमचे उपकार झाले. त्याच्यासाठी कोणी चांगलं बोललं नाही हो. त्याची बायकोसुद्धा माहेरी गेली."

चूक दुरुस्त करायला तीन शब्द पुरे होते. ते माझे साडू. औषधाच्या पत्रकात मी याहून लांब इशारे रोज लिहितो. पण त्यांनी माझा हात धरला होता, तोच, नुकता प्लास्टरमधून निघालेला. महिनाभर लोकांनी साडूचा असाच हात धरलेला मी बघत होतो. कसं वाटत असेल, असं मनात येत होतं. आता कळलं. दुसऱ्याचा कोट घालून लग्नाला गेल्यासारखं. कोणी कौतुक केलं की बाही आखूड वाटते.

"पेपरात कोणीतरी गाठोडं वगैरे बोललं," त्या म्हणाल्या. "ते तुम्ही नका मनाला लावून घेऊ. बोलणाऱ्याच्या घरचं कोणी आत नसेल. असतं तर नसता बोलला."

दिवा तांबडा झाला. गाड्या थांबल्या. काचांमागून माणसं माझ्याकडे, म्हणजे कोऱ्या फळ्याकडे बघत होती. हेच तर मला आवडायचं.

"परत लिहू का?" त्यांनी विचारलं. "चालेल ना?"

"चालेल."

"मग वरती ते आधी होतं तसं लिहा की. नाहीतर नुसतंच कसं दिसेल?"

मी लिहिलं. 'कोणासाठी प्रार्थना करू?' माझ्या अक्षरात, साडूचा प्रश्न. मग त्या दोघींची नावं, जितकी आठवली तितक्या वेळा. मग खडू त्यांना दिला. त्यांनी खाली कोपऱ्यात, पहिल्याइतक्याच बारीक अक्षरात लिहिलं आणि पुढच्या बसने गेल्या. खिडकीशी जागा असून बसल्या नाहीत. दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

माझी ओळ खिशातच राहिली.

रविवार, १५ मार्च

फळा ज्याने लिहिला त्याने वाचावा, असं पाळकसाहेब म्हणाले. वाचला. मुलींची नावं. मग, "बस चालवणाऱ्यासाठी."

"आमेन" आलं नाही. मॅनेजरसाहेब उठून बाहेर गेले, त्यांच्यामागे आणखी पाच-सहा जण. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं. मग मागून, डावीकडून, एकट्याचा आवाज. "आमेन." साडूचा. पुढच्या बाकांवर आता त्याला जागा नसते.

त्याच्यामागून आणखी थोडे म्हणाले. सगळे नाही.

चहाच्या वेळी मॅनेजरसाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "तुम्ही तरी! ही त्या चष्मेवाल्याची फूस दिसते. त्याला मंडळीतूनच कमी करावं लागणार."

सोमवार, १६ मार्च

जेवणाच्या सुट्टीत वार्ताहराला फोन केला. "ते हरवलं-सापडलं खात्याचं वाक्य. त्याच्याखाली माझं नाव घाला."

"काका, दोन आठवडे झाले. आता कोणाला आठवतंय?"

"त्या मुलीच्या मामांना आठवत असेल. आणि चष्म्याच्या दुकानाची पाटी अजून काळीच आहे."

"बरं, खुलासा म्हणून टाकतो. आतल्या पानावर चार ओळी. कारण काय देऊ? पश्चात्ताप?"

"छे! स्वामित्वहक्क. वाक्य माझं आहे, दुसऱ्याच्या नावावर खपतंय."

तो हसला. मग नाव विचारलं. मी सांगितलं, आडनावासकट, आणि त्याने पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा सांगितलं. फोन ठेवून मॅनेजरसाहेबांनाही तेच कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बुधवारी बैठक," एवढंच म्हणाले. मग सुट्टी संपली. नव्या खोकल्याच्या औषधाचे दुष्परिणाम लिहायचे होते.

मंगळवार, १७ मार्च

छापून आलं. नवव्या पानावर, घर भाड्याने देण्याच्या जाहिरातींच्या वर. एकोणीस वर्षांत माझ्या नावाने छापलं गेलेलं माझं पहिलं वाक्य, आणि नेमकं ते. बायकोने पान उलटलं, परत मागे आली, वाचलं. कात्री काही घेतली नाही. "संध्याकाळी दुकानात जाणार आहात का?" एवढंच विचारलं.

गेलो. चार गिऱ्हाइकं थांबलेली, पाटी काळी, आणि तरी चारही जण त्याच्यावर खूश. ही गोष्ट मला अजूनही सहन होत नाही, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. पेपर काउंटरवर होता, घडी घातलेला. त्याने त्याच्याविषयी काही काढलं नाही. मीही नाही.

"दादा, या. डोळे तपासायचेत?"

"नाही. शनिवारी एक बाई आल्या होत्या फळ्यापाशी. बसवाल्याची आई."

त्याच्या हातातलं भिंग थांबलं.

"तुझे आभार मानून गेल्या. तू पुसलं नाहीस म्हणून. त्यांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून माझ्याकडे देऊन गेल्या."

"काय म्हणाल्या?"

"उपकार झाले म्हणाल्या. आणि हात धरला." मी माझा उजवा हात पुढे केला. त्याने धरला. शेकहँड म्हणावा असा तो नव्हता, कारण दोघांनीही हलवला नाही.

"बस," मी म्हणालो. "एवढंच द्यायचं राहिलं होतं."